पालथं झोपायचं की उताणं? कंबरदुखीचे दोन उलट व्यायाम

सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकानात बसून दिवसभर हळदीच्या पट्ट्या लिहिणारे दिवाणजी, आणि तासगावकडे द्राक्षबागेत मांडवाखाली मान-हात वर करून विरळणी करणारी बाई. दोघांचीही कंबर दुखते, दोघांच्याही पायात कळ उतरते आणि दोघांनाही ‘कमरेचे व्यायाम करा’ हाच सल्ला मिळतो. पण सर्रास सांगितले जाणारे दोन व्यायाम एकमेकांच्या अगदी उलट आहेत. एकाला ज्याने उतार पडतो, त्यानेच दुसऱ्याचं दुखणं वाढू शकतं.

पहिल्यात पालथं झोपून हातांच्या जोरावर छाती उचलायची, म्हणजे कंबर मागे वाकते. दुसऱ्यात उताणं झोपून गुडघे छातीशी घ्यायचे, म्हणजे कंबर पुढे वाकते.

बसल्यावर, वाकल्यावर, शिंकल्यावर चमक येते आणि चार पावलं चाललं की बरं वाटतं, असं असेल तर आधी पालथा व्यायाम करून पाहावा. उलट उभं राहून, चालून पाय भरून येतात आणि पायरीवर टेकलं की मोकळं वाटतं, तर उताणा. हे दुसरं दुखणं बहुधा साठीच्या आसपास दिसतं. मणक्यातली नसांची वाट अरुंद झालेली असते आणि पुढे झुकलं की ती थोडी रुंदावते. म्हणूनच असा माणूस हँडलवर वाकून सायकल खुशाल चालवतो, पण चौकापर्यंत चालत जाताना दोनदा थांबतो. कामावरून फक्त अंदाज बांधता येतो. ऊसतोडीला वाकणारा आणि मांडवाखाली ताठ उभा राहणारा यांच्या कमरेवरचा ताण वेगळा असतो, तरी खरा निकाल व्यायाम करून पाहिल्यावरच लागतो.

पालथा व्यायाम जमिनीवर सतरंजी टाकून करावा; कापसाच्या गादीत कंबर खचते. दोन मिनिटं नुसतं पालथं पडावं, मग दोन-तीन मिनिटं कोपरांवर. त्यानंतर तळहात खांद्यांखाली ठेवून हात सरळ करत छाती उचलायची, एक-दोन सेकंद थांबायचं आणि खाली यायचं. असं १० वेळा, दर दोन-तीन तासांनी. हे दिसतं भुजंगासनासारखं, आणि घोटाळा इथेच होतो. भुजंगासनात पाठीचे स्नायू काम करतात. इथे सगळं काम हातांनी करायचं असतं, कंबर आणि कुल्ले ओल्या कापडासारखे सैल सोडायचे. कुल्ले आवळले की कंबर वाकतच नाही आणि दहाच्या दहा खेपा वाया जातात. कमरेचा भाग जमिनीवरून उचलला गेला तरी तेच होतं. शेवटच्या खेपेला वर गेल्यावर श्वास सोडून पोट खाली लोंबू द्यावं.

या पद्धतीला जगभर ओळख मिळवून दिली ती न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांनी. १९५६मध्ये त्यांचा एक रुग्ण डोक्याकडून उचललेल्या टेबलावर चुकून पालथा पडून राहिला आणि त्याची पायातली कळ ओसरली. तेव्हापासून जी खूण पाहतात ती आपल्यालाही घरी पाहता येते: कळ कुठे सरकते? पोटरीतली मांडीत, मांडीतली कुल्ल्यात, कुल्ल्यातली कमरेच्या मध्यावर आली, तर व्यायाम योग्य आहे. कमरेतलं दुखणं तेवढ्यापुरतं वाढलं तरी घाबरू नये. हे लोकांना पटत नाही. ‘कंबर जास्त दुखली’ म्हणून नेमका लागू पडलेला व्यायाम सोडून देतात. कळ खाली, पावलाकडे जात असेल तर मात्र लगेच थांबावं, मग व्यायाम कोणीही सांगितलेला असो.

उताण्या व्यायामात आधी एक गुडघा, मग दुसरा, दोन्ही हातांनी मांडीमागे धरून छातीकडे ओढायचे. दोन-तीन सेकंद धरून सोडायचे. १० वेळा, दिवसातून तीन-चारदा पुरे. हिसका द्यायचा नाही, डोकं उचलायचं नाही. ज्यांना वाकल्यावर दुखतं त्यांनी हा व्यायाम सकाळी अंथरुणातच करणं ही नेहमीची चूक. रात्रभर मणक्यातल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, तेव्हा पुढे वाकण्याचा ताण त्यांच्यावर जास्त येतो. उठल्यावर पहिला तासभर वाकणं टाळावं.

लघवी अडणं किंवा नकळत होणं, मांड्यांच्या मधल्या जागेत बधिरता, पाऊल उचलता न येणं: यातलं काहीही झालं तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा, रात्र काढू नये. ताप, पडल्यानंतरचं दुखणं, कारणाशिवाय घटलेलं वजन किंवा पूर्वी झालेला कॅन्सर असेल तर आधी डॉक्टर, मग सतरंजी.

दोन दिवस नेमाने करूनही कळ जागची हलली नाही, तर फिजिओथेरपिस्टला दाखवावं. पालथ्याने बरं वाटलं तर व्यायामाच्या दोन वेळांच्या मधे खुर्चीत टॉवेलची गुंडाळी कमरेच्या खळग्यात ठेवून बसावं आणि अर्ध्या-पाऊण तासाने उठावं. दुखणं जाऊन दोनेक आठवडे झाले की उताण्या व्यायामाच्या पाच-सहा हलक्या खेपा सुरू कराव्यात, नाहीतर कंबर पुढे वाकायचं विसरते. त्या संपल्या की लगेच पालथं होऊन दहा वेळा छाती उचलावी.