धुळे-नंदुरबारच्या 'भिंती' कुणी बांधल्या?

धुळे-नंदुरबारच्या माळावर पूर्व-पश्चिम धावणाऱ्या काळ्या दगडी रांगा म्हणजे जुन्या राजांची तटबंदी, हा समज चुकीचा. या पट्ट्याच्या भूरचनेचा भूवैज्ञानिक ब्लॅनफर्ड यांचा अहवाल १८६९ सालचा, तरी हा समज टिकून आहे! या रांगा डाइक, म्हणजे निसर्गाने घडवलेल्या दगडी भिंती, आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी बेसाल्टच्या भेगांत शिलारस शिरून थिजला. आजूबाजूचा खडक झिजला, ही भिंत उभी राहिली. थंड होताना तडे भिंतीला काटकोनात गेले, म्हणून रचलेल्या चिऱ्यांचा भास होतो. सांध्यांत चुना शोधा, मिळणार नाही. कडेचा दगड बारीक कणांचा, मधला भरड, कारण कडा आधी निवल्या. विहीर घेताना मात्र नीट बघा: अभंग डाइक भूजल अडवते, त्यामुळे चढाकडच्या बाजूला पाणी लागण्याची शक्यता जास्त, भेगाळलेली असेल तर तीच पाणी वाहून नेते.