मापणारी हत्यारं आणि आखणारी हत्यारं: सांधा कशामुळे बसतो?

लाकूडकामाची हत्यारं घ्यायला निघालेला माणूस टेप, स्टीलची पट्टी, डिजिटल कॅलिपर (तुकडा जबड्यात धरून जाडी-रुंदी मोजणारं हत्यार), गुण्या (काटकोनाचं हत्यार), मार्किंग गेज (कडेला समांतर रेघ मारणारं हत्यार) आणि आखणीची सुरी हे सगळं एकाच यादीत लिहितो आणि त्याला ‘मोजमापाचं सामान’ म्हणतो. अचूक काम हवं, म्हणून त्यातलं सगळ्यात बारीक आकडा दाखवणारं हत्यार, म्हणजे कॅलिपर, आधी घेतो. तरीही सांधे सैल बसतात, नाहीतर ठोकून बसवावे लागतात.

या यादीत मुळात दोन निराळ्या जातीची हत्यारं आहेत. एक जात लांबीचा आकडा सांगते. दुसरी एका तुकड्याची लांबी, जाडी किंवा कोन दुसऱ्या तुकड्यावर खूण म्हणून उतरवते. तिला आकड्याशी घेणंदेणं नसतं. सांधा घट्ट बसतो तो बहुतेक वेळा या दुसऱ्या जातीमुळे. हाताने सांधे करणाऱ्याने पैसे आणि सराव दोन्ही आधी तिच्यावर खर्च करावेत असं मला ठामपणे वाटतं, आणि त्याची कारणं खाली मांडतो.

आकडा वाटेत कुठे सांडतो

खाच-कुसूचा सांधा घ्या, म्हणजे एका तुकड्यातल्या खाचेत दुसऱ्याचं पुढे आलेलं टोक, कुसू, बसतं तो. खाच १० मिमीच्या पटाशीने (लाकूड कोरायच्या छिन्नीने) करायची आहे. कॅलिपरने पटाशीची रुंदी मोजली तर ९.८७ मिमी असा काहीतरी आकडा येईल. आता हा आकडा लाकडावर उतरवायचा कसा? स्टीलच्या पट्टीवर जास्तीत जास्त अर्ध्या मिलिमीटरच्या रेघा असतात. त्यावरून अंदाजाने पेन्सिलची खूण करणार, मग तसंच दुसऱ्या बाजूला, मग कुसूच्या तुकड्यावर पुन्हा. वाचणं, लक्षात ठेवणं, पट्टी लावणं, खूण करणं, या प्रत्येक पायरीला थोडी थोडी चूक मिसळत जाते. कॅलिपरने मिळवलेला शंभरावा भाग पहिल्याच पायरीला वाया गेलेला असतो.

आता मॉर्टिस गेज, म्हणजे खाचेसाठीचा मार्किंग गेज, घ्या. त्याला खूण करणाऱ्या दोन पिना असतात. पटाशीची धार त्या दोन पिनांच्या मध्ये धरायची, पिना तिच्या दोन्ही कोपऱ्यांना टेकेपर्यंत सरकवायच्या आणि स्क्रू आवळायचा. त्याच मांडणीने खाचही आखायची आणि कुसूही. पटाशी ९.८७ आहे की १०.०४, हे कळलंच नाही आणि कळायची गरजही पडली नाही. दोन्ही तुकड्यांवर एकच रुंदी उमटली, आणि सांध्याला तेवढंच हवं असतं.

डव्हटेलमध्ये हे आणखी स्पष्ट दिसतं. या सांध्यात एका फळीच्या टोकाला पसरट ‘शेपट्या’ असतात आणि त्यांच्यामधल्या जागांत दुसऱ्या फळीचे दाते, म्हणजे ‘पिना’, बसतात. शेपट्या आधी कापून झाल्या की तो तुकडा दुसऱ्या फळीच्या टोकावर ठेवतात आणि सुरीने त्यांच्या कडा जशाच्या तशा उतरवून घेतात. शेपट्या एकमेकींपेक्षा थोड्या लहानमोठ्या झाल्या असतील तरी चालतं, कारण प्रत्येक पिन तिच्या शेजारच्या शेपटीवरूनच आखली जाते. मोजून दोन्ही बाजू वेगवेगळ्या आखल्या तर हा सांधा नीट बसणं फार कठीण.

पेन्सिल आणि सुरी

पेन्सिलची रेघ ही एक पट्टी असते. टोक ताजं असेल तर साधारण ०.३ ते ०.५ मिमी रुंद, बोथट झालं की त्याच्या दुप्पट. करवत या पट्टीच्या कुठल्या बाजूने चालवायची हे प्रत्येक वेळी ठरवावं लागतं, आणि चार खुणांत चार वेगळे निर्णय झाले की चौकट पिळलेली निघते.

सुरीची रेघ वेगळी असते. आखणीच्या चांगल्या सुरीला एकाच बाजूने उतार दिलेला असतो; दुसरी बाजू पूर्ण सपाट. ही सपाट बाजू गुण्याच्या पात्याला चिकटवून ओढली की राहणाऱ्या भागाकडे सरळ उभी भिंत तयार होते आणि उतार टाकाऊ भागाकडे जातो. मग कड कुठे आहे हा प्रश्नच उरत नाही. पटाशीची धार त्या कापात ठेवली की ती आपोआप जागेवर बसते, आणि ती बसल्याचं बोटांना कळतं. टाकाऊ बाजूने पटाशीने एक बारीक ढलपी उचलली की करवतीला चालायला चर मिळतो, तिथून ती सहसा घसरत नाही. शिवाय वरचे तंतू आधीच कापलेले असल्यामुळे करवतीने कड फाटत नाही. म्हणजे सुरी आखणीबरोबर कापणीचं पहिलं कामही करून टाकते, आणि पेन्सिल ते कधीच करू शकत नाही.

सुरी चालवताना पहिला हात अगदी हलका हवा. सुरुवातीलाच जोर दिला तर लाकडाचे तंतू तिला आपल्या दिशेने ओढतात आणि ती गुण्यापासून दूर जाते. पहिली रेघ जेमतेम दिसेल इतकी, दुसरी आणि तिसरी तिच्यावरून थोडी खोल.

म्हणून पेन्सिल फेकून द्यायची असं नाही. वळणदार आकार, ढोबळ काप, टाकाऊ भागावर मारायच्या तिरप्या रेघा, कोणता तुकडा डावा आणि कोणता उजवा याच्या खुणा, हे सगळं पेन्सिलनेच करावं. तयार वस्तूवर जी बाजू दिसत राहणार तिथे सुरीची लांब रेघ मारूच नये. पॉलिश चढल्यावर ती जास्तच उठून दिसते. माझा नियम असा की जिथे दोन तुकडे एकमेकांना टेकणार तिथे सुरी, बाकी सगळीकडे पेन्सिल.

गेजमधली निवड

मार्किंग गेज म्हणजे एक दांडा, त्यावर सरकणारा ठोकळा आणि टोकाला खूण करणारं काहीतरी. हे ‘काहीतरी’ तीन प्रकारचं असतं. पिन असलेला गेज तंतूंच्या दिशेने छान चालतो. तंतूंना आडवा चालवला की खरवडतो आणि रेघ फाटते. बऱ्याच गेजमधली पिन नवीन असताना सुईसारखी गोल असते. तिला कानशीने दोन्ही बाजूंनी घासून बारीक पात्याचा आकार दिला तर तोच गेज पुष्कळ स्वच्छ चालतो. पातं असलेला कटिंग गेज आडव्या रेघांसाठी, डव्हटेलची तळरेघ (काप जिथे थांबवायचा ती रेघ) मारायला. तिसरा चाकाचा. त्याच्या टोकाला धार दिलेली छोटी गोल चकती असते आणि ती दोन्ही दिशांना चालते. चकतीचा उतार ठोकळ्याच्या बाजूला असल्यामुळे रेघ मारताना ती ठोकळा लाकडाकडे ओढून धरते. एकच घ्यायचा असेल तर मी चाकाचा घ्यायला सांगेन.

काही गेजच्या दांड्यावर मिलिमीटरच्या खुणा कोरलेल्या असतात. त्या बघून गेज लावला की आखणीचं हत्यार पुन्हा मोजणीचं होऊन बसतं. फळीची जाडी हवी असेल तर गेज फळीलाच लावावा.

सगळ्या खुणा एकाच मूळ बाजूवरून आणि एकाच मूळ कडेवरून मारायच्या हा सुतारकामातला जुना शिरस्ता आहे, आणि गेजला तो सगळ्यात जास्त लागू पडतो. रंधून सपाट केलेल्या एका बाजूवर आणि तिला काटकोनात असलेल्या एका कडेवर पेन्सिलने खूण करून ठेवावी आणि ठोकळा कायम तिथेच टेकवावा. फळीची जाडी एका टोकाला अर्धा मिलिमीटर जास्त असली तरी मग ती चूक सांध्यात शिरत नाही, मागच्या बाजूला जाते.

गुण्या दोन्हीकडचा

गुण्या तपासतोही आणि आखतोही, म्हणून तो घेताना घाई करू नये. अखंड मूठ आणि पक्कं पातं असलेला साधा गुण्या, की पट्टी सरकणारा कॉम्बिनेशन स्क्वेअर? साध्या गुण्यात हलणारा भाग नसल्यामुळे एकदा खरा निघाला की, पडला नाही तर, वर्षानुवर्षं खरा राहतो. कॉम्बिनेशन स्क्वेअर कामं जास्त करतो: खाचेची खोली घेतो, कडेपासून ठरावीक अंतरावर रेघ मारतो, ४५ अंश देतो. पण त्याचा काटकोन पट्टी ज्या खोबणीत सरकते तिच्यावर अवलंबून असतो. स्वस्त नगात ती खोबणी ढिली असते आणि स्क्रू आवळताना पट्टी किंचित कलते. चांगल्या दर्जाचा परवडत असेल तर तो घ्यावा, नसेल तर त्याच पैशात बरा साधा गुण्या घेतलेला केव्हाही चांगला.

तपासणी दोन्हीची सारखीच. कड अगदी सरळ असलेल्या फळीवर गुण्या टेकवून सुरीने रेघ मारा, मग गुण्या उलटून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ मारा. रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर दिसणारी फट खऱ्या चुकीच्या दुप्पट असते, त्यामुळे अगदी लहान चूकही डोळ्यांना सापडते.

मोजणी कुठे हवीच

लाकूड किती लागेल, तुकडे कोणत्या मापाचे कापायचे, कपाट भिंतींमध्ये मावेल का, यासाठी आकडा लागतोच आणि टेप हेच त्याचं हत्यार. टेपच्या पात्यावर अचूकतेचा वर्ग रोमन अंकात छापलेला असतो. युरोपीय नियमांनुसार दुसऱ्या वर्गाच्या टेपला २ मीटरवर ०.७ मिमी इकडेतिकडे चालतं, पहिल्या वर्गाला ०.३ मिमी. टेपचं हुक थोडं हलतं, ते बिघडलेलं नसतं: आतलं माप घेताना ते दाबलं जातं, बाहेरचं घेताना ओढलं जातं, आणि हुकाच्या जाडीइतकाच तो खेळ मुद्दाम ठेवलेला असतो. ठोकून घट्ट केलं तर दोहोंपैकी एक माप कायमचं चुकेल. जास्त काटेकोर माप हवं असेल तर हुक सोडून १०० मिमीच्या रेघेपासून मोजावं आणि शेवटी १०० वजा करावेत. एका वस्तूसाठी सुरुवातीपासून शेवटपर्यंत टेप एकच ठेवावा.

एकसारखे कप्पे असलेलं कपाट असेल तर टेपही बाजूला ठेवता येतो. एका सरळ लाकडी पट्टीवर सगळ्या कप्प्यांच्या जागा एकदाच आखायच्या आणि ती पट्टी दोन्ही बाजूंच्या फळ्यांना लावून खुणा उतरवायच्या. एक कप्पा मोजून त्यापुढे दुसरा, त्यापुढे तिसरा असं करत गेलं की प्रत्येक वेळची चूक साठत जाते. पट्टीवरच्या खुणांत एखादी चूक असली तरी ती दोन्ही बाजूंना सारखीच येते आणि कप्पा तिरका होत नाही.

कॅलिपरची खरी जागा आहे ड्रिलच्या आणि राउटरच्या (चर पाडणाऱ्या मशीनच्या) बिटांचे व्यास बघणं, प्लायची खरी जाडी बघणं (१८ मिमी म्हणून घेतलेली प्लाय बऱ्याचदा थोडी कमी भरते) आणि रंधताना कुसूची जाडी दोन्ही टोकांना सारखी आहे का ते पाहणं. इथेही एक फरक ध्यानात ठेवायला हवा. १५० मिमीचा डिजिटल कॅलिपर ०.०१ मिमीचा आकडा दाखवतो, पण त्याची हमी साधारण ०.०२ मिमी इकडेतिकडे अशी असते, नि तीसुद्धा चांगल्या बनावटीच्या कॅलिपरची. बारीक आकडा दिसणं आणि तो खरा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्याहून मोठी अडचण लाकडाची. ओलसरपणा बदलला की लाकूड रुंदीत फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळपास नाही. सागवान कमी हलणाऱ्या लाकडांपैकी एक. तरीही ओलं सागवान पूर्ण सुकेपर्यंत वाढीच्या वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसतं आणि वलयांना आडवं २.५ टक्के. म्हणजे ३०० मिमी रुंदीच्या फळीत वलयं रुंदीला समांतर असतील, तर ओलसरपणात फक्त ३ टक्क्यांचा फरक पडला तरी रुंदी दीड मिलिमीटरहून जास्त बदलते. अशा फळीची रुंदी शंभराव्या भागापर्यंत लिहून ठेवायची आणि काही आठवड्यांनी त्या आकड्यावरून दुसरा तुकडा कापायचा, याने फसगतच होते. शेजारचा तुकडा त्याच दिवशी त्याच फळीवरून आखला तर निदान सुरुवात तरी दोघांची एकाच ठिकाणाहून होते.

घेण्याचा क्रम

सुरुवातीला मी हे घ्यायला सांगेन: एकाच बाजूने उतार असलेली सुरी, चाकाचा गेज, तपासून घेतलेला १५० मिमीच्या आसपासचा गुण्या आणि १५० किंवा ३०० मिमीची स्टीलची पट्टी. पट्टीवरच्या रेघा छापलेल्या नकोत, कोरलेल्या हव्यात. कोरलेल्या रेघेत सुरीचं टोक अडकतं, आणि नजरेने जुळवण्यापेक्षा ते जास्त भरवशाचं असतं. पट्टी आडवी न ठेवता कडेवर उभी धरली तर रेघा थेट लाकडाला भिडतात आणि तिरक्या नजरेची चूक टळते. डिव्हायडरची (दोन टोकदार पायांच्या कंपासची) एक जोडी स्वस्तात मिळते आणि डव्हटेलच्या जागा सारख्या वाटायला तिच्याएवढं सोपं काही नाही: अंतर अंदाजाने लावायचं, टोकापर्यंत पावलं टाकत जायचं, उरलं किंवा कमी पडलं तर स्क्रू थोडा फिरवून पुन्हा चालायचं. ढोबळ कामासाठी टेप बहुतेकांकडे असतोच. खाच-कुसू नेहमी करणार असाल तर त्यानंतर मॉर्टिस गेज.

कॅलिपर या सगळ्यांनंतर. मशीनवर काम करणाऱ्याने मात्र तो वर आणावा, कारण प्लेनरची (लाकूड रंधणाऱ्या मशीनची) जाडी आणि राउटर बिटाची खोली लावताना आकड्यांशी थेट गाठ पडते.