जास्त हॉर्सपॉवरचं क्रेट इंजिन म्हणजे जास्त वेगवान गाडी?

वर्षानुवर्षं फिरणारा समज असा: क्रेट इंजिन, म्हणजे पेटीतून जोडणी होऊन येणारं तयार इंजिन, घेताना ज्याचा हॉर्सपॉवरचा आकडा मोठा, तेच गाडी जास्त पळवणार. असं वाटणं साहजिक आहे, कारण जाहिरातीत तोच आकडा ठळक असतो.

पण तो आकडा एकाच आरपीएमवरचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांवरचा) असतो. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर (पाउंड-फूटमध्ये), गुणिले आरपीएम, भागिले 5252, म्हणजे हॉर्सपॉवर. समजा, एक इंजिन 7000 आरपीएमला 500 हॉर्सपॉवर देतं, दुसरं 5800 ला 450. आता 3500 वर बघा. पहिल्याचा टॉर्क तिथे 330 असेल तर हाती येतात 220 हॉर्सपॉवर. दुसऱ्याचा 420 असेल तर 280. रस्त्यावरची गाडी बराच वेळ याच पट्ट्यात चालते, त्यामुळे तिथे दुसरंच जोरात ओढतं. ट्रॅकवर, गिअर रेशो जुळवून, इंजिन सतत वरच्या आरपीएमला ठेवणार असाल तर मात्र पहिलंच घ्या.

आकडा कसा मोजला, हेही विचाराच. अल्टरनेटर, पंप, गाडीचा एक्झॉस्ट न लावता घेतलेला आकडा फुगलेला दिसतो. अमेरिकी कंपन्या 1972 च्या मॉडेलांपासून हे सगळं लावून मोजलेले आकडे देऊ लागल्या, तेव्हा त्याच इंजिनांचे आकडे कागदावर घसरले होते.

पडताळणी सोपी आहे. विक्रेत्याकडून दोन्ही इंजिनांची डायनो शीट, म्हणजे कोणत्या आरपीएमला किती टॉर्क आणि हॉर्सपॉवर मिळते हे मोजून काढलेला आलेख, मागा, आपण वापरणार तो आरपीएमचा पट्टा पेन्सिलने आखा आणि दोन्ही आलेख तेवढ्याच पट्ट्यात ताडून बघा. वजनही विचारा, लोखंडी ब्लॉक पुढच्या चाकांवर भार वाढवतो.