शंभर वॅटचा ट्यूब अँप पन्नासच्या दुप्पट वाजतो का?

‘घ्यायचा तर शंभर वॅटचाच, पन्नासच्या दुप्पट वाजतो,’ हा सल्ला गिटारच्या ट्यूब अँपबद्दल, म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम ट्यूब वापरून गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्राबद्दल, वर्षानुवर्षं फिरतोय. आकडा दुप्पट आहे, त्यामुळे पटतोही. पण कानाचं गणित वेगळं. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबल चढतो. दुप्पट ‘वाटायला’ साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. ५ वॅटच्या दुप्पट वाटेल तो ५० वॅटचा!

पडताळायचंय? काही अँपना मागे पूर्ण आणि अर्ध्या पॉवरचं बटण असतं. गिटार वाजवताना मित्राला ते दाबायला सांगा. फरक कळतो, पण निम्मा नाही वाटत.

स्पीकरकडे मात्र कुणी बघत नाही. त्याच्या माहितीपत्रकात १ वॅटला, १ मीटरवर किती डेसिबल ते छापलेलं असतं. ९७ डेसिबलच्या जागी १०० डेसिबलचा स्पीकर लावला, की वॅट दुप्पट केल्यासारखंच.

शिवाय ट्यूबचा तो गोड फाटका आवाज पॉवर ट्यूब (स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या ट्यूब) आवाज वाढवून ताणल्यावर येतो. सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या खोलीत ५ वॅटचा अँप तिथवर पोचायच्या आत शेजारच्या काकू दारात हजर असतात. शंभरचा तिथे कधी ताणणार?