ई-सिगारेट आणि तरुणांमधील धूम्रपान

ई-सिगारेट हे बॅटरीवर चालणारे, बहुधा निकोटीन मिसळलेला द्रव तापवून त्याची वाफ ओढायला देणारे उपकरण आहे. तरुणांच्या धूम्रपानावर त्याचा काय परिणाम होतो, याचा विचार दोन अंगांनी केला जातो : ज्यांनी सिगारेटला कधी हात लावलेला नाही त्यांना ई-सिगारेट तिकडे ओढते का, आणि जे आधीच ओढतात त्यांची सिगारेट तिच्यामुळे सुटते का. या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या माणसांवर, वेगवेगळ्या पद्धतींनी केलेल्या अभ्यासांतून आली आहेत. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या तोंडावर फेकण्याच्या सवयीमुळे हा वाद आहे त्यापेक्षा जास्त गुंतागुंतीचा वाटतो.

या चर्चेत ‘तरुण’ म्हणजे साधारणपणे १८ ते २५ वर्षांची माणसे. हा वयोगट वेगळा काढण्याला कारण आहे. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख अधिकाऱ्याच्या, २०१२ च्या अहवालानुसार, रोज धूम्रपान करणाऱ्या प्रौढांपैकी ८८ टक्क्यांनी पहिली सिगारेट १८ व्या वर्षापर्यंत आणि ९९ टक्क्यांनी २६ व्या वर्षापर्यंत ओढलेली असते. अधूनमधून ओढणारा रोज ओढू लागतो तोही बहुधा याच वर्षांत. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते आणि त्या काळात निकोटीनची सवय लवकर जडते.

उपकरण आणि निकोटीन : धूररहित सिगारेटचे पेटंट अमेरिकेतील हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६० च्या दशकातच घेतले होते, पण ते बाजारात चालले नाही. आजची ई-सिगारेट चिनी औषधनिर्माता होन लिक यांनी २००३ च्या सुमारास तयार केली. ते स्वतः धूम्रपान करणारे होते. उपकरणात बॅटरी, तापणारी तारेची गुंडाळी म्हणजे कॉइल, द्रव शोषून घेणारी कापसासारखी वात आणि द्रवाची टाकी किंवा पॉड म्हणजे द्रव भरलेली छोटी कुपी असते. द्रव प्रोपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन यांचा; त्यात निकोटीन व स्वादद्रव्ये. तंबाखू जळत नसल्यामुळे डांबर तयार होत नाही आणि कार्बन मोनॉक्साइडही जवळजवळ नसतो. धूम्रपानाने होणाऱ्या रोगांचा मोठा वाटा या ज्वलनाचा असतो, निकोटीनचा नव्हे. मात्र व्यसन लावते ते निकोटीनच.

सुरुवातीच्या उपकरणांतले निकोटीन घशाला झोंबत असे. नवख्याला पहिल्याच झुरक्याला ठसका लागायचा, त्यामुळे मात्रा आपोआप मर्यादित राहायची. निकोटीनमध्ये बेंझोइक आम्लासारखे आम्ल मिसळून त्याचा क्षार केला की हा झोंबरेपणा जातो आणि बरीच जास्त मात्रा सहज ओढता येते. २०१५ मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘जूल’ने हेच केले : पेनड्राइव्हसारखे दिसणारे उपकरण आणि मिलिलिटरला सुमारे ५९ मिलिग्रॅम निकोटीन असलेला पॉड. युरोपीय संघात ही मर्यादा २० मिलिग्रॅम आहे. त्यामुळे अमेरिकी तरुणांवरचे निष्कर्ष युरोपातील तरुणांना जसेच्या तसे लावता येत नाहीत; वाद घालणारे दोन्ही पक्ष हे सोयीने विसरतात.

सिगारेटची सुरुवात : एका वेळी पाहणी करून, मग तीच माणसे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा गाठायची, ही या अभ्यासांची नेहमीची रीत. अशा नऊ अभ्यासांचे, १४ ते ३० वयाच्या १७,३८९ जणांचे एकत्रित विश्लेषण २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. आधी सिगारेट न ओढलेल्यांपैकी ज्यांनी ई-सिगारेट वापरून पाहिली होती, त्यांनी पुढे सिगारेट सुरू करण्याचे प्रमाण ‘ऑड्स रेशो’ (सुरू करणारे व न करणारे यांच्या गुणोत्तराची दोन गटांतली तुलना) या मापाने इतरांच्या सुमारे साडेतीन पट निघाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान, अभियांत्रिकी व वैद्यक अकादमींनी २०१८ च्या अहवालात या संबंधाचा पुरावा भक्कम मानला.

हा आकडा वाचताना प्रश्नावलीकडे बारकाईने पाहावे लागते. ‘कधी तरी वापरली आहे का?’ या प्रश्नाला मित्राच्या हातून एकच झुरका घेणाराही ‘हो’ म्हणतो आणि दिवसभर पॉड ओढणाराही. पुढच्या फेरीत ‘सिगारेट सुरू केली’ या रकान्यातही अनेकदा एका झुरक्याची नोंद असते. एक झुरका म्हणजे धूम्रपानाचे व्यसन नव्हे.

दुसरी अडचण मूळ स्वभावाची आहे. ई-सिगारेट वापरून पाहणारा तरुण बहुधा धोका पत्करणारा, धूम्रपान करणाऱ्यांच्या संगतीतला, कधी मानसिक ताणाखालचा असतो. ई-सिगारेट नसती तर त्याने कदाचित थेट सिगारेटच घेतली असती. अभ्यासक अशा घटकांचा हिशेब करून आकडे सुधारतात, तेव्हा संबंध बराच क्षीण होतो, पण बहुतेक अभ्यासांत पुरता नाहीसा होत नाही. कारण नक्की ठरवायचे तर तरुणांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून एकाला ई-सिगारेटी द्याव्या लागतील, पण तसे करणे अनैतिक ठरेल. म्हणून या बाजूचा पुरावा निरीक्षणावरच थांबतो.

लोकसंख्येचे आकडे मात्र उलट दिशेला जातात. अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांत गेल्या ३० दिवसांत सिगारेट ओढलेल्यांचे प्रमाण २०११ मध्ये १५.८ टक्के होते, ते २०२४ मध्ये १.७ टक्क्यांवर आले. दरम्यान २०१९ मध्ये याच वर्गांतली ई-सिगारेट २७.५ टक्क्यांपर्यंत चढली होती. ती पिढी आता तरुण वयात आली आहे. ई-सिगारेटमुळे मोठ्या संख्येने मुले सिगारेटकडे जात असती, तर ही घसरण इतकी सलग दिसली नसती. तरीही ई-सिगारेट मुलांना सिगारेटकडे नेते असे मानणारा ‘प्रवेशद्वार’ सिद्धान्त यावरून साफ खोटा ठरतो असे नाही. काही मुले ई-सिगारेटवरून सिगारेटवर जात असतील, आणि त्याच वेळी त्यांहून जास्त मुले सिगारेटऐवजी ई-सिगारेटवरच थांबत असतील. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. त्यातच तंबाखूवरचा कर, सार्वजनिक जागी बंदी आणि सिगारेटची उतरलेली प्रतिष्ठा यांचा परिणाम मिसळलेला आहे.

खरी चिंता दुसरीकडे आहे. २०२१ च्या अमेरिकी पाहणीत १८ ते २४ वयोगटातील ११ टक्के जण ई-सिगारेट वापरत होते, आणि त्यांपैकी ६१.४ टक्क्यांनी साधी सिगारेट कधीच ओढली नव्हती. पंचेचाळिशी ओलांडलेल्या वापरकर्त्यांत मात्र सिगारेट सोडलेल्यांची संख्या मोठी होती. उपकरण एकच, पण एका पिढीसाठी ती सुटकेची वाट आणि दुसरीसाठी निकोटीनची पहिली ओळख.

सिगारेट सोडणे : या बाजूला चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचण्या आहेत, म्हणून पुरावा अधिक ठाम आहे. ब्रिटनमधील ८८६ जणांवरच्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एक वर्षानंतर ई-सिगारेट गटातील १८ टक्के, तर निकोटीनचे पॅच (त्वचेवर चिकटवायच्या पट्ट्या), च्युइंगम वगैरे घेणाऱ्यांपैकी ९.९ टक्के लोक सिगारेटपासून दूर होते. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२४ च्या आढाव्यात शंभरात ८ ते १० जण ई-सिगारेटच्या मदतीने सोडू शकतात आणि पॅच-च्युइंगमने ६, असा अंदाज आहे. मदतीशिवाय तो ४ वर येतो.

पण ‘सोडणे’ म्हणजे काय? ब्रिटनच्या चाचणीत ई-सिगारेटने सिगारेट सोडलेल्यांपैकी ८० टक्के जण वर्षअखेरीसही ई-सिगारेट ओढतच होते. दुसऱ्या गटातील यशस्वी लोकांपैकी पॅच-च्युइंगम चालू ठेवणारे ९ टक्के होते. स्वित्झर्लंडमधील १,२४६ जणांवरच्या चाचणीत, २०२४ च्या अहवालानुसार, सहा महिन्यांनी सलग सिगारेटमुक्त राहिलेले ई-सिगारेट गटात २८.९ टक्के आणि फक्त समुपदेशन व नेहमीची मदत घेणाऱ्यांत १६.३ टक्के होते. सर्वच निकोटीनपासून मुक्त झालेले मोजले तर बाजी उलटते : २०.१ विरुद्ध ३३.७ टक्के. हृदय व फुप्फुसांच्या दृष्टीने सिगारेट थांबणे हा मोठाच लाभ आहे. पन्नाशीच्या माणसाला निकोटीन राहिले तरी चालेल असे डॉक्टर म्हणू शकतो. विशीतल्या माणसाला ते पुढची चाळीस वर्षे बाळगावे लागेल.

शिवाय ब्रिटनच्या चाचणीतल्या लोकांचे मध्यक वय (निम्मे त्याहून लहान, निम्मे मोठे) ४१ होते. अशा चाचण्यांत बहुतेक रोज ओढणारे, सोडायचे ठरवून आलेले लोक असतात. विशीतला धूम्रपानी असा क्वचितच असतो. तो दिवसाला दोन-चार ओढतो, पार्टीत जास्त, आणि आपण ‘धूम्रपान करणारे’ आहोत हेच त्याला मान्य नसते. त्याच्या हातात व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, येते ती चव, मित्र आणि जिथे धूर चालत नाही तिथे ओढण्याची सोय म्हणून. परिणामी बरेच जण दोन्ही चालू ठेवतात : घरात व्हेप, बाहेर सिगारेट. अशा दुहेरी वापरात सिगारेटी थोड्या कमी होतात, पण धोका त्या प्रमाणात उतरत नाही, कारण दिवसाला काही मोजक्या सिगारेटीही हृदयविकाराचा धोका लक्षणीय वाढवतात. उपचार म्हणून नव्हे तर आपापल्या मर्जीने वापरणाऱ्यांवरच्या निरीक्षणांत सिगारेट सुटण्याचा फायदा चाचण्यांइतका स्पष्ट दिसत नाही, याचे हे एक कारण असावे.

धोरणे : ब्राझीलने २००९ मध्ये आणि भारताने २०१९ मध्ये ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी घातली. ब्रिटनने उलट २०२३ मध्ये दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना ई-सिगारेट संच देण्याची योजना जाहीर केली, आणि तरुणांत पसरलेल्या वापरा-नि-फेका व्हेपवर जून २०२५ पासून बंदी आणली. स्वादांवरची बंदी सर्वांत वादग्रस्त आहे. सॅन फ्रान्सिस्कोत ती आल्यावर शाळकरी मुलांत सिगारेट इतर ठिकाणांच्या तुलनेत वाढली, असे २०२१ च्या एका अभ्यासाने दाखवले. नंतर टीकाकारांनी दाखवून दिले की त्या शहरातील पाहणी बंदीची अंमलबजावणी सुरू होण्यापूर्वीच झाली होती. ई-सिगारेटवर कर वाढला की काही लोक सिगारेटकडे परततात, हे मात्र अमेरिकेतील एकाहून अधिक विश्लेषणांत आढळले आहे.

ई-सिगारेट सोडवणे : कधीच सिगारेट न ओढलेल्या पण व्हेपला बांधले गेलेल्या तरुणांसाठी उपचार अलीकडेच तपासले जाऊ लागले. १८ ते २४ वयाच्या २,५८८ अमेरिकी तरुणांवरच्या चाचणीत मोबाइल संदेशांच्या कार्यक्रमाने सात महिन्यांनी २४.१ टक्के जण व्हेपमुक्त आढळले, तुलना गटात १८.६ टक्के. मूळ सिगारेट सोडवण्यासाठीचे व्हरेनिक्लिन हे औषध १६ ते २५ वयाच्या २६१ जणांवरच्या चाचणीत समुपदेशनासह तपासले गेले; २०२५ च्या निष्कर्षांनुसार उपचाराच्या अखेरच्या चार आठवड्यांत औषध घेणाऱ्यांपैकी ५१ टक्के आणि बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांपैकी १४ टक्के व्हेपपासून दूर राहिले. औषध थांबल्यानंतर, चोविसाव्या आठवड्यापर्यंत सलग दूर राहिलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे २८ व ७ टक्क्यांवर उतरले.