थर्मोस्टॅट काढून गाडी थंड होत नसते

"आपल्याकडे थंडी पडतेच कुठे? व्हॉल्व्ह काढून टाका, पाणी मोकळं फिरेल." तापणारी गाडी घेऊन ठाण्यात चार गॅरेजं फिरलात तर एकात तरी हा सल्ला मिळतोच. हा व्हॉल्व्ह म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिन पुरेसं गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे निवायला जाऊ न देणारी झडप. वाटेतला अडथळा काढला की पाणी जास्त वाहणार, असा साधा हिशेब त्यामागे असतो. याच्या बरोब्बर उलट सांगणारेही भेटतात: थर्मोस्टॅट काढला तर पाणी रेडिएटरमधून इतक्या वेगानं पळतं की त्याला निवायला वेळच मिळत नाही! दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. त्या का चुकीच्या, हे कळलं तर तापणाऱ्या गाडीचं निम्मं निदान घरबसल्या होतं.

आधी थंडीचा मुद्दा. इंजिनाला आतलं तापमान साधारण 90 अंश हवं असतं. ठाण्यातला मे महिन्यातला 38 अंशांचा दिवस आपल्याला भाजून काढतो, पण इंजिनाच्या दृष्टीनं तो गारठाच. 90 अंशांना पोहोचेपर्यंत गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडतो, सिलिंडरच्या भिंतीवरून न जळलेलं इंधन ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलमधली वाफ उडून जात नाही. थर्मोस्टॅट नसलेली गाडी तीन हात नाक्यावरून स्टेशनपर्यंत जाऊन परत आली तरी धड तापत नाही. स्कॅनर लावला तर पी0128 हा कोड दिसतो, म्हणजे कूलंट (इंजिनात फिरणारं, पाणी आणि ग्लायकॉल या रसायनाचं मिश्रण) ठरलेल्या तापमानापर्यंत चढतच नाहीये.

आता खुद्द थर्मोस्टॅट. यात वीज नाही, सेन्सर नाही; आहे ते मेण. पितळेच्या छोट्या बंद कुपीत मेण आणि तांब्याची पूड कालवून भरलेली असते. मेण उष्णतेचं वाहक म्हणून अगदीच सुमार, म्हणून तांबं. कुपीच्या मधोमध रबराची नळी आणि तिच्यात एक बारीक दांडी. मेण वितळताना त्याचं आकारमान दहा-पंधरा टक्क्यांनी वाढतं. बंद कुपीत फुगायला जागा नसल्यानं ते रबर आवळतं आणि दांडी बाहेर ढकलली जाते. पण दांडीचं टोक चौकटीला टेकलेलं असतं, त्यामुळे सरकते ती कुपी, आणि तिला जोडलेली झडप स्प्रिंगच्या विरोधात उघडते. मेणाचं मिश्रण असं निवडतात की 82 किंवा 88 अंशांना, म्हणजे जो आकडा त्यावर कोरलेला असेल तिथे, उघडायला सुरुवात व्हावी आणि आणखी दहा-पंधरा अंशांत झडप पूर्ण उघडावी. मेण एकदम वितळत नाही, हळूहळू वितळतं, म्हणून झडपही अर्धी, पाऊण अशी हवी तेवढीच उघडी राहते. 1930च्या दशकात सर्जियस व्हर्नेट यांनी शोधलेली ही युक्ती आजही बहुतेक गाड्यांत तशीच आहे. रबर फाटून मेण गळालं की ढकलणारं कोणी उरत नाही, स्प्रिंग झडप बंद करून टाकते आणि गाडी तापते. मेकॅनिकचा संशय थर्मोस्टॅटवर आधी जातो, तो काही अगदीच उगाच नाही.

पण बऱ्याच इंजिनांत याच कुपीच्या खालच्या टोकाला दुसरी एक चकती असते. इंजिन थंड असताना पंप पाणी रेडिएटरला न पाठवता बायपासच्या आखूड वाटेनं आतल्या आत फिरवतो. वरची झडप उघडत जाते तशी खालची चकती बायपास बंद करत जाते. थर्मोस्टॅट उपटून काढला की ती चकतीही गेली, आणि बायपास कायमचा उघडा. पाणी कमी अडथळ्याची वाट धरणार. बराचसा गरम प्रवाह रेडिएटरचं तोंडही न पाहता पुन्हा इंजिनात शिरणार. म्हणजे रोज गाडी थंडच राहते, आणि भर उन्हात घाट चढताना, जेव्हा रेडिएटरला सगळं पाणी हवं असतं, नेमकी तेव्हाच तापते. थर्मोस्टॅट काढल्यावर गाडी बरी वाटली, तर त्याचा अर्थ जुना बंद अवस्थेत अडकला होता, एवढाच. नवा बसवा.

'पाणी फार वेगानं जातं' या समजुतीला आकड्यांनीच उत्तर द्यावं. चढावर छोट्या पेट्रोल इंजिनातून कूलंटकडे सेकंदाला 20 किलोज्यूल उष्णता जाते असं धरा. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल असलेलं एक किलो मिश्रण एक अंश तापायला साधारण 3.5 किलोज्यूल लागतात. सेकंदाला एक किलो कूलंट फिरत असेल तर इंजिनातून बाहेर पडताना ते आत शिरतानापेक्षा 6 अंशांनी गरम असेल. प्रवाह सहाव्या हिश्श्यावर आला, तर तीच उष्णता नेताना फरक 34 अंशांचा. खालून 85 अंशांचं शिरलेलं पाणी वरून 119 चं होऊन निघणार. वेगानं जाणारं पाणी एका फेरीत कमी निवतं हे खरं, पण फेऱ्याही तितक्याच जास्त होतात, आणि अख्खा रेडिएटर वरपासून खालपर्यंत गरम राहिल्यानं हवेला एकूण उष्णता जास्तच दिली जाते. उष्णता जाण्याचा वेग तापमानातल्या फरकावर ठरतो, हे न्यूटननं 1701 मध्येच मांडून ठेवलंय.

हाच 6 आणि 34 मधला फरक निदानाला उपयोगी पडतो. गाडी पूर्ण तापल्यावर, पंख्यापासून हात लांब ठेवून, रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या होज पाइपचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरनं घ्या. चकचकीत अॅल्युमिनियमवर हे यंत्र चुकीचा आकडा दाखवतं, म्हणून रबरावर किंवा काळी टेप चिकटवून मोजा. वरचा पाइप चटका देणारा आणि खालचा जेमतेम कोमट, तर कूलंट फिरत नाहीये. रेडिएटरच्या जाळीवर मधेच थंड पट्टा लागला, तर तिथल्या नळ्या तुंबल्यात. दोन्ही पाइप कडक गरम असतील, तर पाणी फिरतंय, हवा कमी पडतेय.

गाडी कधी तापते हेही विचारायला हवं. कापूरबावडी ते मानपाडा ट्रॅफिकच्या रांगेत उभी असताना तापते आणि नवी मुंबईच्या मोकळ्या पाम बीच रोडला लागल्यावर तापमानाचा काटा खाली येतो, तर दोष हवेचा: फॅन, त्याला वीज पोहोचवणारा रिले, किंवा रेडिएटरच्या जाळीत अडकलेली धूळ. एसी लावल्यावर बहुतेक गाड्यांत फॅन लगेच सुरू व्हायला हवा, तपासणी एवढीच. उलट रांगेत ठीक, पण गायमुखचा घाट किंवा मुंब्रा बायपासचा चढ लागला की तापते, तर दोष प्रवाहाचा. पंपाची पाती झिजलेली असतात, किंवा पंपातलं प्लॅस्टिकचं चक्र दांड्यावर सैल होतं आणि दांडा नुसता गरगरतो. खालचा होज पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. तो मऊ पडला की वाढत्या आरपीएमला आत ओढला जाऊन चपटा होतो. बोनेट उघडून कोणाला तरी रेस द्यायला सांगितलं तर हे डोळ्यांना दिसतं. काटा वर गेलाय आणि हीटर लावला तरी हवा थंडच येते, तर कूलंट कमी आहे किंवा आत हवा अडकलीय. आणि लालकडे गेलेला काटा गाडी चालू असताना अचानक खाली आला तर हायसं वाटून घेऊ नका. पाणी संपून सेन्सर कोरडा पडला असेल.

तुंबलेल्या रेडिएटरमागे बहुधा बोअरवेलचं पाणी असतं. त्यातल्या चुन्याचा थर अॅल्युमिनियमच्या तुलनेत शंभरपटीनं वाईट वाहक आहे. दुसरं कारण जुगाड: गळती थांबावी म्हणून रेडिएटरमध्ये हळद. गळती थांबतेही, पण रेडिएटरच्या बारीक नळ्यांना हळदीच्या लेखी गळती काय आणि वाट काय, दोन्ही सारखीच. बंपरखालच्या लिंबू-मिरचीनं निदान काही तुंबत तरी नाही. बाजारातल्या 'कूलिंग बूस्टर'च्या बाटल्यांनी यातला एकही दोष जात नाही.

रेडिएटर कॅपकडे फार कमी लोक पाहतात. तिचं काम कुकरच्या शिट्टीचंच. निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू उघड्यावर सुमारे 107 अंश, 1.1 बारची कॅप तो 125 च्या पुढे नेते. वरच्या उदाहरणातलं 119 अंशांचं कूलंट चांगल्या कॅपखाली उकळत नाही, सैल कॅपखाली उकळतं. गरम गाडीची कॅप उघडली तर दाब सुटताच ते अंगावर उसळतं. वरचा होज हातानं सहज दाबता येईपर्यंत थांबा.

कूलंट सारखं कमी होतंय आणि गळती कुठेच दिसत नाही, तर हेड गॅसकेटचा, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण (हेड) यांच्यामधल्या पॅकिंगचा, संशय घ्या. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच होज दगडासारखे घट्ट झाले, किंवा कॅपच्या तोंडाशी बुडबुडे थांबेनात, तर ज्वलनाचा वायू पाण्यात घुसतोय. ब्लॉक टेस्टर हे हा वायू तपासायचं साधन; त्यातलं निळं द्रव त्या कार्बन डायऑक्साइडमुळे आम्लधर्मी होऊन पिवळं पडतं. असं झालं तर गाडी चालवू नका. वाकलेलं हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, द्यावं लागतं.

थर्मोस्टॅटची परीक्षा स्वयंपाकघरात होते. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्यानं तळाला न टेकता लटकवा, शेजारी थर्मामीटर ठेवा. कोरलेल्या आकड्याच्या आसपास झडप हलायला लागली आणि पाणी उकळेपर्यंत सात-आठ मिलिमीटर उघडली, तर तो चांगला. बसवताना त्याच्या कडेची हलणारी छोटी पिन वरच्या बाजूला ठेवा, हवा तिथून निसटते. गॅसकेट नवं घ्या. कूलंट कंपनीनं सांगितलेलंच, आणि त्यात डिस्टिल्ड वॉटर. रंग जुळला म्हणून दोन जातींचं कूलंट मिसळू नका, रंगाचं कुठलंही प्रमाण ठरलेलं नाही. भरताना गाडीचं नाक चढाकडे ठेवा, हीटर पूर्ण गरमवर, कॅप उघडी, आणि फॅन दोनदा सुरू होऊन बंद पडेपर्यंत इंजिन चालू. हवा निघेल तशी पातळी उतरेल, भरत राहा, मग कॅप लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, कूलंटच्या बाटलीतली पातळी मिन आणि मॅक्सच्या मधे आहे का ते पाहा.