डूला, हिप्नोबर्थिंग आणि कळा: नेमकं काय कामाला येतं

डूला व्हायचंय किंवा हिप्नोबर्थिंगचे, म्हणजे कळांसाठी स्वसंमोहन शिकवायचे क्लास घ्यायचेत म्हणून कोणी विचारायला आलं की सर्टिफिकेट, फी वगैरे सगळं नंतर, आधी मी ह्यूस्टनचा प्रयोग सांगते. अमेरिकेतल्या या शहरातल्या एका सरकारी हॉस्पिटलमध्ये जॉन केनेल, मार्शल क्लाउस आणि त्यांच्या टीमने पहिलटकरणींचे तीन गट केले होते, १९९१ साली तो अभ्यास छापून आला. पहिल्या गटात प्रत्येकीजवळ एक डूला, म्हणजे बाळ होईपर्यंत जवळून न हलणारी, हात धरणारी, पाठ चोळून देणारी, आत्ता काय चाललंय ते समजावून सांगणारी बाई. दुसऱ्या गटात एक बाई खोलीत बाजूला बसून फक्त नोंदी करणार, बोलायचं नाही, हात लावायचा नाही. तिसऱ्या गटात नेहमीसारखंच. नॉर्मल डिलिव्हरी झालेल्यांमध्ये एपिड्युरल, म्हणजे कळा बधिर करायला पाठीत देतात ते इंजेक्शन, किती जणींनी घेतलं तर पहिल्या गटात साधारण ८ टक्के, दुसऱ्यात २३ आणि तिसऱ्यात ५५ टक्के, आणि सीझरचं प्रमाण ८, १३ आणि १८ टक्के.

मधल्या गटाचे आकडे परत एकदा बघा, कारण मला तरी या सगळ्या अभ्यासात तेच सगळ्यात भारी वाटतं. एक अनोळखी बाई काहीही न करता नुसती खोलीत बसलीये, तरी फरक पडला!

पुढे बरेच अभ्यास झाले आणि २०१७ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेने १७ देशांतले २६ प्रयोग, जवळपास १६ हजार बायका, असं एकत्र करून तपासलं तेव्हा फरक ह्यूस्टनइतका मोठा नव्हता पण होता. सतत सोबत असलेल्यांमध्ये सीझर कमी, कळांचा काळ सरासरी चाळीसेक मिनिटांनी कमी, आणि बाळंतपणाचा अनुभव वाईट होता असं सांगणाऱ्या बायका कमी.

हे कसं होतं? पूर्ण उत्तर एका ओळीत मावत नाही पण एक धागा सांगते. घाबरलं की अंगात अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि गर्भाशयाच्या स्नायूवर त्याच्यासाठी अशा जागा असतात की ते तिथे बसलं की स्नायू सैल पडतो. दम्यावरचं टर्ब्युटालीन हे औषध त्याच जागी बसतं, म्हणून तर वेळेआधी कळा सुरू झाल्या तर थोडा वेळ थांबवायला डॉक्टर ते वापरतात. म्हणजे भीती नुसती मनात राहत नाही, ती कळांची लय बिघडवू शकते. ब्रिटिश डॉक्टर ग्रँटली डिक-रीड यांनी १९३०च्या दशकात भीतीमुळे ताण आणि ताणामुळे वेदना अशी साखळी मांडली होती, हिप्नोबर्थिंगची मुळं तिथेच आहेत. पण त्यावरून भीती गेली की वेदनाही गेली असं कोणी सांगत असेल तर ते चूक आहे. पिशवीचं तोंड ताणलं जातं, स्नायू आवळतो तेव्हा त्याचा रक्तपुरवठा कमी होतो, कळ खरीच असते.

मग संमोहन काय करतं? पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे, बऱ्याच जणांनी त्यासमोर फोटो काढलेत. १७५६ साली गोव्यात कांदोळीला जन्मलेला हा माणूस १८१३ मध्ये पॅरिसमध्ये व्याख्यानं देऊन सांगत होता की संमोहन करणाऱ्याच्या हातात कुठलीही चुंबकशक्ती नसते, जे घडतं ते समोरच्याच्या स्वतःच्या मनात घडतं. आजचं विज्ञान त्याच्याच बाजूने आहे. मॉन्ट्रियलमध्ये पिएर रेनव्हिल यांच्या टीमने लोकांना ४७ अंशांच्या पाण्यात हात बुडवायला लावला आणि संमोहनात सूचना दिली की त्रास कमी वाटतोय, किंवा जास्त वाटतोय. मेंदूचं स्कॅन केलं तर त्रास 'किती नकोसा वाटतो' याच्याशी जोडलेल्या भागाची हालचाल सूचनेप्रमाणे बदलली, पण स्पर्श आणि वेदना नोंदवणाऱ्या भागात तसा बदल दिसला नाही. हे १९९७ मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात आलं.

आता लेबर रूममध्ये याचं काय होतं ते बघू. डेन्मार्कमध्ये बाराशेच्या वर पहिलटकरणींवर प्रयोग झाला, तासातासाचे तीन क्लास आणि घरी ऐकायला ऑडिओ. स्वसंमोहन शिकलेल्या, नुसतं अंग सैल सोडायला शिकलेल्या आणि नेहमीचीच काळजी मिळालेल्या, अशा तिन्ही गटांत एपिड्युरलचं प्रमाण सारखंच, तिसेक टक्के. इंग्लंडमध्ये ६८० जणींवर झाला, तिथेही एपिड्युरलमध्ये फरक नाही, पण बाळंतपणानंतर दोन आठवड्यांनी विचारलं तर स्वसंमोहन शिकलेल्यांना भीती आणि काळजी आधी वाटली होती त्यापेक्षा कमी जाणवल्याचं दिसलं. शिवाय संमोहनाला प्रत्येकाचा प्रतिसाद वेगळा असतो, काही जणी पटकन त्यात जातात, काहींना काहीच वाटत नाही आणि त्यात त्या बाईची काहीही चूक नसते.

म्हणून शिकवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं, क्लासच्या जाहिरातीत 'वेदनारहित प्रसूती' लिहू नका. तसं ऐकून गेलेल्या मुलीला शेवटी एपिड्युरल घ्यावं लागलं किंवा सीझर झालं तर ती स्वतःलाच दोष देत बसते, आणि हे मी पाहिलंय. सातव्या महिन्याच्या आसपास सुरू करा, श्वास सोडणं लांबवायचा रोजचा सराव द्या, रेकॉर्डिंग मराठीत करा आणि तिच्या ओळखीच्या जागा त्यात घ्या, शेतातली विहीर असेल, माहेरची पडवी असेल. मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर आधी तिच्या डॉक्टरांशी बोला. आणि रक्तस्राव, बाळाची हालचाल कमी होणं, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं, यावर ऑडिओ हे उत्तर नाही, तडक हॉस्पिटल.

डूलाने आतली तपासणी करायची नाही, औषध सुचवायचं नाही, डॉक्टरांशी वाद घालायचा नाही. कळ आली की कमरेवर दाब द्यायचा, कुशीवर वळवायचं, पाणी द्यायचं, आणि जागचं हलायचं नाही, हे ऐकायला साधं आहे पण रात्रभर करायला फार जड जातं.

सरकारी हॉस्पिटलात २०१६ पासून केंद्राच्या सूचनेप्रमाणे बाईसोबत एक नात्यातली स्त्री राहू शकते, ती शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी असं त्यात म्हटलंय. म्हणजे डूला परवडत नसेल तर मावशी, काकू, जाऊ यांना तयार करता येतं, मी तर आता क्लासला अशा एकीला सोबत आणायलाच सांगते. खाजगीत मात्र प्रत्येक हॉस्पिटलचा नियम वेगळा, नवरा आणि डूला दोघं चालतील का एकच, हे आठव्या महिन्याच्या आत डॉक्टरांना आणि लेबर रूमच्या सिस्टरलाही विचारून ठेवा, कारण रात्री दोन वाजता दारात अडवलं तर तेव्हा बोलायला कोणाला वेळ नसतो.